कान लावून तपासलेल्या पेट्या

शहागंजातल्या आमच्या गल्लीत पत्र्याच्या पेट्या बनतात. लहानपणी पेटीच्या आत अस्तर म्हणून जुनी पत्रकं चिकटवायचं काम माझ्याकडे होतं. सभा, संप, मोर्चे, मागण्या. खळ लावता लावता मी ती वाचत गेले. अब्बा उर्दू शाळेत शिकलेले, त्यांना मराठी वाचता येत नव्हतं. संध्याकाळी मी त्यांना पत्रकं वाचून दाखवायची. पुढं मी स्वतः लिहायला लागले, तेव्हाही माझं प्रत्येक पत्रक आधी अब्बांनीच ऐकलं.

गल्लीत एक रीत होती. पत्रे जोडायचं रिबिट ठोकताना कारागीर पत्र्याला कान लावायचा. रिबिट घट्ट बसलं की आवाज बदलतो, तो पकडायचा. कान न लावणारा कच्चा कारागीर. अब्बांचा कान तीसेक वर्षं हातोड्यापासून वीतभर अंतरावर राहिला. मला त्याचा अभिमान होता. कामगारांच्या हक्कांवर मी पानंच्या पानं लिहिली, पण घरातल्या कामगाराचा कान मला दिसला नाही.

एका सुट्टीच्या दुपारी अब्बा म्हणाले, "ये रातकिडे दिन में भी कैकू बोल रहे?"

गल्ली अगदी शांत होती.

डॉक्टरीणबाईंनी तपासून मला सांगितलं, गेलेलं ऐकू येणं परत यायचं नाही, कानातला आवाजही बहुतेक राहील. उरलंय ते जपा. नुसता कापूस पुरत नाही, कानात नीट बसणारी बुचं घाला, मधूनमधून आवाजापासून लांब जा. हे सगळं तरुणपणीच करायचं असतं.

मी पत्रक लिहिलं, छापून आणलं आणि बुचांसकट गल्लीत वाटायला निघाले. अब्बांचे धाकटे भाऊ, आमचे चाचा, हसले. "कान बंद करे तो रिबिट का आवाज कैसा सुनूँ? ऐसा कर बेटी, तू पेटी बना, हम पर्चे लिखते."

मी पत्रक वरपासून खालपर्यंत पुन्हा पाहिलं. रिबिटाबद्दल त्यात एक ओळ नव्हती.

अब्बा शेजारीच उभे होते. आमचे चेहरे पाहून काय अडलंय ते त्यांनी ओळखलं असावं. त्यांनी चाचांची पेटी पुढं ओढली, पत्र्यावर तळवा सपाट ठेवला आणि ठोकायची खूण केली. दोन-तीन घाव झाले. अब्बांनी हात उचलला. "बैठ गया."

चाचांनी रिबिट हलवून पाहिलं. पक्कं बसलं होतं.

"दो साल से ऐसाच कर रहा," अब्बा खाली बघत म्हणाले. "कान से समझताच नई था. बोला नई किसी को."

म्हणजे कान लावायची गरज कधी नव्हतीच. चाचांनी बुचं घेतली.

मग अब्बा स्टुलावर बसले आणि नेहमीसारखं म्हणाले, "पढ."

मी वाचलं. मोठ्यानं, मग ओरडून. समोरच्या दुकानातली माणसं बाहेर आली. आवाज पोचत असेल, शब्द पोचत नव्हते. अब्बा माझ्या ओठांकडे बघत मान डोलावत राहिले. मी थांबले, तरी ते डोलावतच होते.

गेल्या दोन वर्षांतली माझी पत्रकं त्यांनी अशीच ऐकली होती.