‘मला’ म्हणणारी बायको

त्या दुपारी यजमानांनी कढी-गोळ्यांचं ताट पुन्हा दूर सरकवलं. सकाळपासून पोटात कण नव्हता. म्हणे बायको अकोल्याला माहेरी गेली आहे, ती आल्याशिवाय जेवायचं नाही.

विसरण्याच्या आजारात आधी त्यांचा चष्मा हरवू लागला, मग अमरावतीचे रस्ते, मग मी. मला ते अदबीनं “बाई” म्हणतात. तशी अदब लग्नानंतर कधी वाट्याला आली नव्हती.

“अवो, मीच तुमची बायको,” मी म्हटलं.

ते ओशाळले. “बाई, असं बोलू नका. लोकं काय म्हनतीन?”

डॉक्टरांनी बजावलं होतं, वाद घालू नका. ते ज्या काळात असतील तिथं तुम्ही जा. म्हटलं चला, आपलीच चुगली ऐकू. कशी आहे हो तुमची बायको, विचारलं.

ते खुलले. अकोल्याची आहे, पण पुण्याची असल्यावानी बोलते म्हणाले. तिनं शेंगदाणे मागितले की दुकानदार उठून उभा राहतो.

खोटं नाही. पुण्याला मावशीकडे एक उन्हाळा काढून आलेली ती शहाणी सासरी नाक वर करून आमच्या ‘मले-तुले’च्या जागी ‘मला-तुला’ करायची. भाजीवालीला एकदा ‘कृपया’ म्हणाली होती. जावा पदराआड हसायच्या. पोळी मात्र तिची कुठल्याच भाषेत गोल येत नव्हती. पुढं ते सोंग आपोआप गळालं.

“राग येते का मंग तिचा?”

“नाही, बाई. मी उगाच काहीबाही इचारत रायतो तिले. आयकाले बरं वाटते.” मग हळूच, “तिले सांगू नका.”

इतक्या वर्षांत हे मला कुणी सांगितलंच नव्हतं.

आत जाऊन पदर सारखा केला, घसा खाकरला, तोंडावर ते जुनं शिष्टपण चढवलं आणि बाहेर येऊन म्हटलं, “अहो, मी आले. मला फार भूक लागली आहे. आपण जेवायचं का?” जीभ अडखळलीच. आमच्याकडे बाई ‘मी आली’ म्हणते.

त्यांनी मान वर केली.

“केवा आली वं? बसमधी जागा भेटली?”

“हो. खिडकीजवळची.”

त्यांनी ताट ओढलं, गोळा भातात कुस्करला. दोन घास खाऊन इकडंतिकडं बघितलं आणि आवाज खाली आणला.

“इथं एक बाई रायते. चांगली हाये बिचारी. तिलेही वाढ.”