सिसेलबाईंच्या बुटांची माती

सिसेलबाई म्हणजे ताकही फुंकून पिणाऱ्या. डेन्मार्कातल्या युटलंडच्या त्या वाऱ्याच्या माळावर नवऱ्यामागं एकटीनं शेत राखायचं, तर दुसरं करणार काय! म्हणून शेजारचा येप्पे टोपी काढून दारात उभा राहिला, तेव्हाच त्यांनी ताडलं, कुठंतरी पाणी मुरतंय.

"बाई, तुमच्या शेतातली चार पोती माती द्या."

"का रे, तुझ्या रानातली संपली?"

येप्पेनं माळ फोडून नवं रान केलं होतं. जमिनीला कस यावा म्हणून तो ल्युपिन हे शेंगांचं पीक पेरायचा, पण पीक पिवळं पडायचं. यंदाही तसंच झालं तर बायकोला घेऊन अमेरिकेला जाणार होता.

"शेतकीचे साहेब म्हणाले, जुन्या मातीत जंतू असतात. मुळांना गाठी आणतात अन् हवेतलं खत पिकाला भरवतात. जगात गवताचं पातं नव्हतं तेव्हापासून त्यांच्या जातीचा हाच धंदा आहे म्हणे."

"माझ्या शेतात जंतू? जीभ झडेल तुझी! अन् हवा खाऊन कुणाचं पोट भरलंय?"

पण नाही म्हणावं तर गाव नावं ठेवणार. द्यावी तर मातीमागोमाग शेताची बरकतही जाते, असं आई सांगायची. बाईंनी तोड काढली, माती जाईल पण बरकत जाणार नाही अशी. पाव भाजून झाल्यावर तापल्या भट्टीतच माती सरकवली, खरपूस भाजली आणि पोती भरून दिली. येप्पे आभार मानत गेला. बाईंना तेही खटकलं. मातीसाठी कुणी एवढं हसतं होय?

पेरणी झाल्यावर एका रविवारी येप्पे चर्चला गेलेला पाहून त्या आपल्या शेतातून चिखलानं माखलेल्या लाकडी बुटांनिशी तशाच त्याच्या रानात शिरल्या. यानं आणखी माती चोरलीय का, ते पाहिलं. काही सापडलं नाही. म्हणजे चांगलीच लपवली असणार!

उन्हाळ्यात येप्पेनं त्यांना रानात बोलावलं. सगळं पीक पिवळं. घरात पेटी बांधून तयार. फक्त बाईंच्या कुंपणापासून आत एक हिरवीगार ओळ गेलेली, पावलापावलावर एक झुपका, डाव्या बाजूचे जरा लांबट. बाईंचा डावा पाय फरफटतो, हे अख्ख्या गावाला ठाऊक.

"काय शोधत होतात, बाई?"

बाईंनी हिरवं रोप उपटलं. मुळांना गाठीच गाठी. पिवळं उपटलं. मुळं नुसतीच. मेल्याहून मेल्यासारखं झालं त्यांना.

"बायकोला म्हणावं पेटी सोड. अन् गाडी आण माझ्या शेतात, हवी तेवढी माती भर."

"मागं दिली होतीत की. काय उपयोग झाला?"

"या खेपेला भाजून नाही देणार."