बुलढाण्यात आणलेली रेल्वे

आमच्या शेजारच्या काकांनी कचेरीतून निवृत्त झाल्यावर खोलीभर फळ्या मांडून छोटी रेल्वे उभारायला घेतली. बुलढाण्याला रेल्वे नाही, म्हणून ती आपण घरात आणायची, हे त्यांनी ठरवूनच टाकलं होतं. घाट थर्माकोल आणि प्लास्टरचा, त्याच्या माथ्यावर बुलढाणा स्टेशन, माती वाळवलेल्या चहापत्तीची, झाडं हिरव्या रंगात रंगवलेल्या भुशाची. रूळ जोडला की ते फळीला गाल टेकवून, एक डोळा मिटून पाहत आणि म्हणत, "अजून वाकडाच हाय."

पण इंजिन घाटात अर्ध्यावर येऊन मागे घसरे.

मी म्हणालो, "काका, घाट जरा बुटका करा ना."

"काऊन? बुलढाणा खाली आनू का मंग?"

चढ सौम्य करायचा तर रूळ लांबवायला हवा होता आणि खोली तर संपली होती. एका सकाळी त्यांनी महिनोन्महिने खपून केलेला घाट स्वतःच फोडला आणि छिन्नी घेऊन स्वयंपाकघराच्या भिंतीला भोक पाडायला बसले. मी घाबरून काकूंकडे पाहिलं. त्या मसाल्याची फळी रिकामी करत होत्या.

"भिंत आपलीच हाय," त्या म्हणाल्या. "पाडू द्या त्यायले."

दिवाळीच्या आधी नव्या, सौम्य घाटावरून इंजिन भिंतीतून आत गेलं, बरण्यांच्या मागून वळसा घेऊन बाहेर आलं आणि न थांबता वरच्या स्टेशनात पोचलं. मी टाळ्या वाजवल्या. काका हसलेसुद्धा नाहीत.

"रिकामं इंजिन चढलं म्हंजे रेल्वे आली नाही," ते म्हणाले. "ते डबे द्या इकडे. मानसं त डब्यातच बसतेत."