वास्तूला न कळणारं इंग्लिश

बाबा सांगलीच्या दवाखान्यातून आले आणि फाटकाबाहेरच उभे राहिले. आत येईनात. तिथूनच त्यांनी आईला, काकीला आणि मला हाक मारली. कारण आमच्या घरात वाईट बातमी आत सांगत नाहीत. वास्तू तथास्तु म्हणते म्हणे! म्हणून आजारपण, अपघात, मरण, जे असेल ते फाटकाबाहेर रस्त्यावर बोलायचं आणि मग पाय धुऊन आत यायचं. काकी सकाळीच कपडे न्यायला दवाखान्यातून घरी आली होती. हातातली पिशवी तिनं तिथंच ठेवली. बाबांनी तोंड उघडायच्या आधीच कळलं… अण्णाकाका गेले.

अण्णाकाका म्हणजे बाबांचे थोरले भाऊ. मिलिटरीत साहेबांची जीप चालवायचे. रिटायर होऊन पलूसला आले ते एक ट्रंक आणि तोंडभर इंग्लिश घेऊन. पुस्तकातलं नव्हे हं, साहेब लोक आपसात बोलतात ते! विहिरीवरची मोटर जळली की म्हणायचे, "वी आर इन द सूप," म्हणजे आता फसलो. माझा पेपर सोपा गेला की 'पीस ऑफ केक'. संध्याकाळी हातातलं खुरपं ठेवताना 'कॉल इट अ डे', बास, आजच्यापुरतं झालं. मी सांगलीला कॉलेजात जायला लागले तेव्हा इंग्लिशच्या तासाला माझी वाचाच बसायची, ती भीती ह्यांच्यामुळं गेली. एसटीत मैत्रिणींना मी 'अंडर द वेदर'चा अर्थ सांगत सुटायचे. जरा बरं वाटत नाही, एवढंच हो!

पण ह्या सगळ्याचा खरा उपयोग त्यांनी घरात शोधून काढला होता. एकदा वरच्या आळीतले एक म्हातारे वारले. अण्णाकाका फाटकाबाहेर न थांबता सरळ आत आले, सोप्यातल्या त्यांच्या लाकडी खुर्चीत बसले आणि म्हणाले, "किक्ड द बकेट." म्हणजे गेले. काकी घाबरलीच. "आवं, घरात काय बोलताय?" तर म्हणाले, "ही वास्तू आमच्या आज्यानं बांधली. तिला मराठी कळतंय. मिलिटरीचं इंग्लिश तिला कुठलं कळायला?" आणि खुर्चीच्या हातावर दोनदा टकटक. टच वुड! साहेब लोक दृष्ट लागू नये म्हणून लाकडाला असा हात लावतात. तेव्हापासून आमची सवयच झाली, भीतीचं काही असलं की इंग्लिशमध्ये. बाबा तेवढे टोमणे मारायचे, आमच्यात गोरा साहेब जन्माला आलाय म्हणून.

उन्हाळ्यात अण्णाकाकांच्या छातीत दुखायला लागलं. सांगलीच्या डॉक्टरांनी ऑपरेशन सांगितलं, आणि हे घरी येऊन म्हणाले, काय न्हाई, गोळ्या दिल्यात. दुपारी सोप्यात मी एकटीच होते. भिंतीकडं बघत हळूच म्हणाले, "टच अँड गो हाय, पोरी. आपरेशन करा म्हनत्यात. मला कोल्ड फीट आलेत."

टच अँड गो म्हणजे काही सांगता येत नाही, इकडं नाहीतर तिकडं. आणि कोल्ड फीट म्हणजे ऐनवेळी माघार घ्यावीशी वाटणं, इतकी भीती. दोन्ही अर्थ मला त्यांनीच शिकवले होते. बर्फाच्या घाटात जीप चालवलेला माणूस… मला तर तिथं बसवेना. एवढ्यात काकी आतून आली. तिनं नुसतं 'फीट' ऐकलं असणार असं मला वाटलं. वाटीत खोबरेल कोमट करून आणलं आणि त्यांचे तळपाय चोळत बसली. त्यांनी पाय तसेच ठेवले.

मग मीच काकीला फाटकाबाहेर नेलं आणि मराठीत सगळं सांगितलं. ऑपरेशनचं, त्यांच्या भीतीचं. तिनं पदरानं तेलाचे हात पुसले. "मग जायाच पायजे," एवढंच म्हणाली. दुसऱ्या दिवशी तिनं आणि बाबांनी त्यांना सांगलीला नेलं. निघताना ते खुर्चीपाशी थांबले, दोनदा टकटक केलं आणि गेले. ऑपरेशन झालं, पण शुद्धीवर आलेच नाहीत.

डॉक्टरांनी तेव्हाच बाबांना सांगितलंय, सख्खा भाऊ आहात, तुम्हीही तपासून घ्या. बाबा टाळतायत. सायकल लावून येतात तर धाप लागलेली असते, हात छातीवर. मी नुसती बघत राहते.

गेल्या रविवारी ते अण्णाकाकांच्या खुर्चीत बसले. काका गेल्यापासून तिच्यात कुणी बसलं नव्हतं. खुर्चीच्या उजव्या हाताचं पॉलिश टकटक करून पार गेलंय, तिथं बोटं फिरवत म्हणाले, "ते पायाचं काय गं म्हनायचा त्यो?"

"कोल्ड फीट."

त्यांनी ते तोंडातल्या तोंडात म्हणून बघितलं. मग वर आढ्याकडं बघितलं, कुणी ऐकतंय का बघावं तसं. "मला बी," म्हणाले, "कोल्ड फीट." आणि दोनदा टकटक.

आत भांडी घासायचा आवाज थांबला. जरा वेळानं काकी बाहेर आली. कोमट तेलाची वाटी तिनं सोप्यात बसलेल्या आईच्या हातात दिली.