सावत्र आवाज

आमच्या थोरल्या जाऊबाईंना माहेरी 'भोंगा' म्हणत. लहानपणी त्या रडायला लागल्या की पलीकडच्या गल्लीतली माणसं दार उघडून बघायची. लग्न होऊन या घरात आल्या, पण आवाज काही कमी झाला नाही. आमच्याकडे गुपित म्हणून काही टिकत नाही, कारण जाऊबाईंना कुजबुजताच येत नाही. मी धाकटी. इतक्या वर्षांत माझं नि त्यांचं जितकं जमलं तितकंच फाटलं, त्यामुळे मी जे सांगते आहे त्यात कौतुकाची भेसळ नाही.

याच आवाजावर त्यांनी नोकऱ्या केल्या. आधी बसस्थानकावर गाड्यांच्या सूचना द्यायच्या. मग एका जाहिरातीत कुकरच्या शिट्टीनंतर "झाला स्वयंपाक!" असं म्हणाल्या आणि तिथून थेट बातम्यांच्या चॅनेलवर गेल्या. तिथलं काम असं: परदेशातलं कुणी आपल्या भाषेत बोलतं, ते इथे कुणाला कळत नाही. मग त्या माणसाचा खरा आवाज दोन-चार क्षण ऐकू देतात, नंतर तो बारीक करतात आणि त्यावर इथल्या भाषेतला आवाज चढवतात. बायकांचे बहुतेक आवाज जाऊबाईंचे. मंत्रीणबाई त्याच, पुरात घर गेलेली म्हातारी त्याच, शर्यतीत पहिली आलेली पोरगीही त्याच. "तेवढ्या वेळापुरती मी नसतेच गं, ती असते," असं त्या मोठ्या तोऱ्यात सांगायच्या. मी म्हणायचे, "मग घरीसुद्धा जरा वेळ नसत जा."

सासूबाईंची नजर गेली आहे, उजेड-अंधार तेवढा कळतो. टीव्ही त्या ऐकतात. संध्याकाळच्या बातम्यांना खुर्ची पुढे ओढून बसायचं आणि थोरल्या सुनेचा आवाज आला की मान डोलावून "आली आमची" म्हणायचं, हा त्यांचा रिवाज.

मग ते युद्ध सुरू झालं. इतकं लांब, की तिथल्या गावांची नावं घेताना जाऊबाईंचीसुद्धा बोबडी वळायची. आमच्या गल्लीतलं कुणी तिकडे गेलेलं नाही आणि तिकडच्या कुणी आमचं नाव ऐकलेलं नाही. तरी बघता बघता चॅनेलवर 'आपली बाजू' तयार झाली! मालकांनी ती घेतली होती. का घेतली ते कुणी सांगितलं नाही आणि विचारायची सोय नव्हती. संध्याकाळच्या बातम्या ज्याच्या हाती होत्या त्या निर्मात्याला सगळे मागून 'ब्रेकिंग' म्हणत, कारण चहा सांडला तरी तो ओरडूनच सांगायचा. या ब्रेकिंगने जाऊबाईंना नियम घालून दिला. 'आपल्या' बाजूची आई असेल तर ओलं वाचायचं, मध्ये हुंदका आला तर उत्तमच. पलीकडची असेल तर कोरडं. बरं, वाक्यंही वेगळी. 'आपली' म्हणायची, "माझा मुलगा गेला." पलीकडचीला तेवढंही तोंड नाही. तिच्या रडण्यावर जाऊबाईंनी म्हणायचं, "आपला मुलगा हल्ल्यात मरण पावल्याचा या महिलेचा दावा आहे."

मी एकदा टोकलं, तर फणकारल्या. "मी काय बातम्या लिहिते? कागद देतात, वाचते."

घरही त्याच तालावर वागायला लागलं होतं. 'आपली' बाई रडायला लागली की सगळे चिडीचूप. पलीकडची आली की कुणी पाणी प्यायला उठायचं, कुणी मोबाइल काढायचं. ठरवून कुणी करत नव्हतं.

एका रात्री जेवताना सासूबाई म्हणाल्या, "थोरले, एक विचारू? परवाची ती बाई, जिचा मुलगा शाळेतून आलाच नाही. आणि आजची, जिचा पाणी आणायला गेला होता. या आजच्या बाईचा मुलगा सावत्र होता का गं?"

"सावत्र? नाही हो आई. का?"

"परवा तू आतडं तुटल्यासारखी रडलीस. आज आपली बस कुठल्या फलाटावर लागलीय ते सांगावं तशी बोललीस. म्हटलं, सावत्र असेल."

माझे थोरले दीर, म्हणजे भावोजी, घाईघाईने मध्ये पडले. "आई, ते युद्धाचं राजकारण असतं. तुला नाही कळायचं."

"राजकारण असेल. मी पोराचं विचारतेय."

जेवण अर्धं टाकून जाऊबाई उठल्या आणि ओट्याशी भांडी घासत बसल्या. मी शेजारी गेले तर त्यांच्या समजुतीप्रमाणे हळू आवाजात म्हणाल्या, "सावत्र म्हणाल्या गं मला!" ते सगळ्या घराने ऐकलं. सासूबाई त्यांना नव्हे, त्या बाईच्या मुलाला सावत्र म्हणाल्या होत्या, पण मी दुरुस्त केलं नाही. जाऊबाईंनी बरोबर ऐकलं होतं.

भावोजी दारात येऊन उभे राहिले. "उगाच डोक्यात राख घालून घेऊ नकोस. आवाज देणाऱ्या पोरी दारात उभ्या आहेत तिथे. तू सोडलंस तर या वयात तुला कोण घेणार?"

"नको घेऊ दे," जाऊबाई म्हणाल्या. पण त्यांचा चेहरा उतरला होता. ते काम त्यांना जिवापाड आवडायचं, हे मला ठाऊक होतं. भांडणातसुद्धा मी त्याला कधी नावं ठेवली नाहीत.

पुढचं त्यांनीच मला सांगितलं. दुसऱ्या दिवशी त्या रेकॉर्डिंगच्या खोलीत बसल्या. चार हातांची खोली, भिंतींना फोम, मायक्रोफोनमध्ये घरघर येते म्हणून पंखा बंद, मध्ये जाड काच आणि काचेपलीकडे रेकॉर्डिस्ट. पडद्यावर एक बाई दाराची चौकट धरून उभी होती. चौकटीमागे घर नव्हतं. कागदावर वर दाव्याचं वाक्य, आणि खाली, काय कापलं ते कळावं म्हणून, तिच्या बोलण्याचा सरळ तर्जुमा. जाऊबाईंनी खालचं वाचलं. "माझा मुलगा गेला. दूध आणायला पाठवलं होतं मी. मीच पाठवलं होतं." ओलं वाचलं, अगदी परवासारखं.

ब्रेकिंग दार ढकलून आत आला. "मॅडम, हे वाचायचं नव्हतं."

"बाई हेच म्हणतेय. तुमच्याच कागदावर आहे."

"ती म्हणेल काहीही. आपण तपासलंय का? खात्री नसताना ठामपणे सांगायचं नाही, ही पत्रकारितेची नीती आहे."

"चांगली आहे की नीती! मग परवाच्या बाईचं कुणी तपासलं होतं? तिलाही दावा लावा. दोघींना कोरडं वाचते, माझी हरकत नाही. नाहीतर दोघींना ओलं. एक सख्खी आणि एक सावत्र, हे मी करणार नाही."

"प्रेक्षक गोंधळतात अशाने."

"आमच्या घरचा प्रेक्षक कालच गोंधळलाय."

"बातम्यांना वेळ उरलेला नाही. वाचा, नाहीतर उठा. मी दुसरीला बसवतो."

दुसरीला बसवतो म्हटल्यावर जाऊबाई उठल्या. ब्रेकिंगला वाटलं, निघाल्या. तो वाट द्यायला बाहेर सरकला, आणि जाऊबाईंनी दार ओढून आतून कडी घातली. मग परत येऊन खुर्चीत बसल्या, हाताची घडी घालून. ब्रेकिंग काचेवर हात आपटून ओरडत होता म्हणे. पण ती खोली बाहेरचा आवाज आत येऊ नये म्हणूनच बांधलेली. जाऊबाईंना नुसतं त्याचं तोंड हलताना दिसत होतं. "आयुष्यात पहिल्यांदा तो मला सहन झाला," असं त्या म्हणाल्या.

आवाज चढवायला खोली एकच. शेवटी त्याने ती बाई तशीच सोडली, तिच्याच आवाजात, आणि खाली मोठ्या अक्षरांत पट्टी टाकली: मुलगा मरण पावल्याचा महिलेचा दावा.

इकडे घरी आम्हाला यातलं काहीच माहीत नव्हतं. सासूबाई खुर्ची ओढून बसल्या होत्या. ती बाई बोलायला लागली. दोन-चार क्षण गेले, सासूबाईंनी मान तयार ठेवली, पण आमची काही येईना. त्या बाईचा आवाज बारीक झालाच नाही. तोच खोलीभर झाला. एकच शब्द ती पुन्हा पुन्हा म्हणत होती. मुलाचं नाव असेल, किंवा आणखी काही. कुणी पाणी प्यायला उठलं नाही.

भावोजींनी पट्टी वाचायला सुरुवात केली. "दावा आहे म्हणतात की..."

"गप्प बस," सासूबाई म्हणाल्या. त्यांना पट्टी दिसत नव्हती. त्यांनी हात पुढे करून टीव्हीच्या कडेवर ठेवला आणि बाई संपेपर्यंत काढला नाही. मग म्हणाल्या, "ही सख्खी."

जाऊबाई घरी आल्या त्या फोन वाजत असतानाच. ब्रेकिंग होता. उद्या सगळ्यांसमोर माफी मागा, नाहीतर येऊ नका.

"माफी कशाची?" जाऊबाईंनी भोंगा सोडला. "एक शब्द न बोलता बातमी दिली मी. तुम्हाला इतकं बोलून जमली नाही!" समोरच्या इमारतीतल्या खिडक्या उघडल्या. मला इतका अभिमान वाटला की त्यांच्या हातातला डबा मी न सांगता धुवायला नेला.

फोन ठेवल्यावर मात्र त्या सासूबाईंपाशी जमिनीवर बसल्या. "आई, नोकरी गेली. आता तुमच्या टीव्हीत मी नसणार."

सासूबाईंनी त्यांचं डोकं चाचपून जवळ घेतलं. "नसू दे. आज तू नव्हतीस म्हणून ती ऐकू आली."

चॅनेलला नवी मुलगी मिळाली. पहिल्याच दिवशी तिने दावा इतका कोरडा वाचला की सासूबाईंनी टीव्ही बंद करायला लावला. तो अजून बंद आहे. जाऊबाई पुन्हा बसस्थानकावर लागल्या. भावोजी काही दिवस फुगून होते, पण त्या घुश्श्याकडे घरात कुणी ढुंकून पाहिलं नाही.

परवा मी सासूबाईंना तिकडे घेऊन गेले. कुठेही जायचं नव्हतं, नुसतं बाकावर बसलो. वर कर्ण्यातून जाऊबाई सांगत होत्या. एक गाडी लागली, एकीला उशीर, एक रद्द. लांबची असो की जवळची, बडी की मोडकी, आवाज एकच. सासूबाईंनी मान डोलावली. "आली आमची."