पुठ्ठ्याचा मांडव

परवा पुठ्ठ्याचा वास आला अन् धाकट्या नातीचं लगीन आठवलं. शहरात शिकलेल्या थोरलीनं कापडदुकानातल्या पुठ्ठ्याच्या नळ्या सुतळीनं बांधून मांडव उभा केला होता. लगीन झालं की सगळा रद्दीत जाणार. तो पडला तर थोरलीचं हसं होईल, म्हणून सकाळपासून मला एका जागी बसवत नव्हतं. ऐन मंगलाष्टकांत वारं सुटलं, नळ्या करकरायला लागल्या, अन् मी उठून खांबालाच मिठी मारली. "आबा, सोडा की, वाऱ्यात हलावा म्हणूनच आसा बांधलाय," थोरली कानात म्हणाली. "लगीन लागू दे, मग सोडतो." व्याही हसले, "मांडव तुमाला धरून हाय का तुमी मांडवाला?" मुठीतल्या अक्षता मुठीतच राहिल्या, पण खांब सोडला नाही. तो मांडव मीच सावरला, असं आजही आल्यागेल्याला सांगतो. थोरली समोर असली तर तीबी "व्हय" म्हणून मान डोलावते.