तानुबाईनं न भिजवलेला कागद

लोक मला अजून विचारतात, मास्तर, तुमी बोरीत एवढी वर्षं शाळा चालवली, तर गावातलं सगळ्यात शहाणं माणूस कोण? त्यांना वाटतं मी एखाद्या वकिलाचं नाव घेईन. मी तानुबाई परटिणीचं नाव घेतो. मग समोरचा हसतो आणि माझं डोकं फिरतं. हसण्यासारखं काय आहे त्यात? आधी ऐकून घ्या, मग खुशाल हसा.

तानुबाई अंगानं बुटकी, पण आवाज खणखणीत. चाळीस घरांचं धुणं तिच्याकडं. कोणाच्या घरात भांडण झालं, कोणाची सून गरोदर आहे, कोण परगावी जाऊन काय खाऊन आला, हे सगळं तिला कपड्यांवरून कळायचं. पण बाईनं कधी ताकास तूर लागू दिली नाही. बोलायची ती तोंडावर. माझ्या सदऱ्यावर शाईचे डाग दिसले की भर रस्त्यात थांबवायची, "मास्तर, पोरास्नी शिकवायलाव का सदऱ्याला शाई पाजायलाव?" मला राग यायचा. तरी सदरा तिच्याकडंच टाकायचो, कारण तिच्या हातचं धुणं म्हणजे धुणं.

मी सांगतोय ती गोष्ट सन शेहेचाळीसची. निजामाचं राज्य होतं आणि कापडावर कंट्रोल होता. एका कार्डावर सहा महिन्याला एक लुगडं नाहीतर एक धोतर, बस्स. तानुबाईचा नवरा लिंबाजी त्याच हिवाळ्यात वारला आणि तिच्या कार्डावरचं कापड त्याच्या कफनाला गेलं. त्यात तिची लेक बायना हिचं लग्न ठरलेलं. पाहुणे पोखर्णीचे, तानुबाईसारखेच परीट, भले लोक. हुंडा नाही, मानपान नाही. एवढंच म्हणाले की पोरीच्या अंगावर नवं लुगडं असू द्या, आमची भावकी बघायला येईल.

नवं लुगडं आणायचं कुठून? त्याला एकच वाट होती. लग्नघराला कार्डाशिवाय एक लुगडं मिळायचं, पण त्यासाठी कापड कमिटीच्या सदराच्या, म्हणजे अध्यक्षाच्या, सहीची चिठ्ठी लागायची. सदर होते आमचे आबासाहेब. तालुक्याचे पुढारी. गावात शाळा त्यांनीच आणली, अंमलदारासमोर ताठ मानेनं बोलणारा तेवढा एकच माणूस आमच्याकडं होता. त्यांनी तानुबाईला सांगून ठेवलं होतं, लग्नाच्या आठवड्यात ये, सही करून देतो.

आणि नेमकं त्याच महिन्यात गाठोड्यांचं प्रकरण निघालं. गावाच्या वाटणीची कापडाची दोन गाठोडी दुकानात पोचलीच नाहीत. आबासाहेबांचा मेव्हणा माणिकराव यानं ती परस्पर हिंगोलीला विकली होती. आबासाहेबांनी काय केलं? न बघता पोच दिली. घरचा माणूस म्हणाला माल आला, यांनी केली सही. पैसा एक खाल्ला नाही, हे मी शपथेवर सांगतो. पण सही त्यांची होती, आणि लोकांच्या अंगावर फाटकं होतं. मीही चिडलो होतो. का चिडू नये?

मग सुरू झालं, आबासाहेब इस्तिफा, म्हणजे राजीनामा, देणार का नाही. बन्सीधरच्या चहाच्या दुकानावर दुसरा विषय नाही. एक म्हणे आज देतात, दुसरा म्हणे खुर्ची कोण सोडतं बाबा. जिलबीच्या पैजा लागल्या. त्यात कोणीतरी डोकं लढवलं, की इस्तिफा द्यायचा तर जिंतूरला तहसीलदारासमोर जावं लागणार, आणि तहसिलीत शेरवानीशिवाय आबासाहेब कधी गेले नाहीत. म्हणजे शेरवानी इस्त्रीला पडली की समजायचं. झालं! अख्खं गाव तानुबाईच्या दोरीवर डोळे लावून बसलं.

दोनदा शेरवानीला इस्त्री झाली. दोनदा आबासाहेब ती घालून जिंतूरला गेले, आणि दोनदा तसेच परत आले. गाव चक्रावलं. मोठमोठी माणसं तानुबाईला वाटेत गाठून विचारायची, काय गं, काय म्हणायलेत मालक? ती म्हणायची, "मला कपडे बोलत न्हाईत, दादा." आणि पुढं चालू लागायची. बिचारीला कसली काळजी होती ते एकालाही कळलं नाही. आबासाहेब उतरले तर चौकशी बसणार, आणि चौकशी संपेपर्यंत सगळ्या चिठ्ठ्या बंद होणार. लग्नाला सहा दिवस राहिले होते.

त्या दिवशी दुपारी ती शाळेत आली. मला वाटलं सदऱ्यावरून बोलणी खावी लागणार. पण तिनं पदराच्या टोकातून एक घडी केलेला कागद काढला. आबासाहेबांची शेरवानी धुवायला आली होती. भिजवायच्या आधी खिसे चाचपायची तिची रीत होती, तेव्हा आतल्या खिशात हा सापडला. घामानं दमट झाला होता. तिला माझ्याकडचा टीपकागद पाहिजे होता, एवढंच. नीट कोरडा करून मालकाला परत द्यायचा होता. वर मला बजावलं, वाचू नका.

मी वाचला. खोटं कशाला बोलू? उर्दू मला येत होती आणि हात स्वस्थ बसत नव्हता. तो इस्तिफाच होता. खाली सही, आणि तारीख तीन आठवड्यांमागची. म्हणजे हा माणूस दोन्ही वेळा कागद खिशात घालून तहसिलीच्या दारापर्यंत गेला होता आणि हिंमत न झाल्यानं माघारी आला होता. माझ्या तोंडाला कुलूप कधी नव्हतंच, मी तिला सगळं सांगून टाकलं.

तानुबाई खाली बसली.

मी म्हणालो, तानुबाई, अगं देवानंच दिलंय हे तुझ्या हातात. भिजवून टाक. परटाकडं गेलेल्या कपड्यात कागद भिजला तर कोण बोल लावणार? ते दुसरा लिहायला बसतील, चार दिवस काढतील, तोवर तू चिठ्ठी घे, लुगडं घे, पोरीचं लग्न कर. मी तिचं भलंच सांगत होतो. तिनं माझ्याकडं असं बघितलं की मला माझाच सदरा मळका वाटला.

"मास्तर, आमच्या घराण्यात खिशातली सुतळीबी परत करत्यात," म्हणाली, आणि कागद माझ्या हातातून घेऊन उठली.

मी तिच्या मागं गेलो. आबासाहेब ओसरीवर एकटेच बसले होते, दाढी वाढलेली. तानुबाईनं कागद समोर ठेवला आणि चार पावलं मागं सरून उभी राहिली. त्यांनी तो बघितला आणि त्यांचा चेहरा पार उतरला. हळू आवाजात म्हणाले, "तुझ्या हातनं भिजला असता तर बरं झालं असतं गं, तानुबाई."

तेव्हा मला उमगलं. तो कागद चुकून राहिलाच नव्हता. स्वतः फाडायचीही हिंमत नाही आणि द्यायचीही नाही, म्हणून या शहाण्यानं तो नदीवर पाठवला होता. एवढा तालुक्याचा पुढारी! मला हसू आलं आणि वाईटही वाटलं.

"मला दिसला ना मालक," तानुबाई म्हणाली. "दिसल्यावर कसा भिजवू?"

आबासाहेबांनी मान हलवली. मग त्यांना आठवलं. म्हणाले, तुझ्या बायनाची चिठ्ठी राहिलीय, आण इकडं, मी अजून सदर आहे, आत्ता सही करतो. माझा जीव भांड्यात पडला. पण ही बाई काय म्हणाली ऐका.

"आता नगं, मालक. आता घेतली तर कागुद परत केल्याची ती मजुरी व्हईल."

परतताना मी तिला वाटभर बोललो. वेडी म्हणालो, हट्टी म्हणालो. ती रडत होती, पण मागं फिरली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी शेरवानी तिच्या दोरीवर ओली लटकत होती. बन्सीधरच्या दुकानावर सगळ्यांचं एकमत झालं की आज काही होत नाही. आणि तिकडं आबासाहेब साध्या धोतर-सदऱ्यावर पहाटेच्याच बैलगाडीनं जिंतूरला जाऊन इस्तिफा देऊन आलेसुद्धा. गाव दोरीकडं बघत बसलं. पैजेची जिलबी कोणी कोणाला द्यायची यावर आठ दिवस भांडणं चालली.

चिठ्ठ्या बंद झाल्या. तानुबाई चार दारं हिंडली, पण नवं लुगडं होतं कोणाकडं? लग्नाच्या आदल्या दिवशी कापडाच्या दुकानावर कार्डावरचं वाटप होतं. ती तिथं आली आणि भिंतीशी उभी राहिली. कार्ड तर संपलेलं, काय आशेनं आली होती देव जाणे.

रांगेत आबासाहेब होते. हातात घरचं कार्ड, ऊन डोक्यावर. लोक बाजूला सरून त्यांना पुढं जा म्हणायला लागले, ते गेले नाहीत. मागून कोणी गाठोड्यांचं नाव काढलं, तेही ऐकून घेतलं. दोन तास उभे राहून एक हिरवं लुगडं घेतलं आणि सरळ भिंतीशी आले.

"कस्तुरानं पाठवलंय मला," म्हणाले. कस्तुराबाई म्हणजे त्यांची बायको. "मी आता सदर नाही. आता तरी घेशील?"

तानुबाईनं दोन्ही हातांनी पदर पसरला.

बायना त्याच लुगड्यात बोहल्यावर उभी राहिली. कस्तुराबाई लग्नाला आल्या त्या फाटका भाग कापून दंड घातलेल्या जुन्या लुगड्यात. पुढचं वाटप सहा महिन्यांनी, दिवाळीला होतं आणि त्यांच्याकडं धड असं तेवढं एकच लुगडं होतं.

नंतर मी नदीकाठानं जायचो तेव्हा बघायचो. बाकीच्या घरांचे कपडे तानुबाई दगडावर दणादण आपटायची. कस्तुराबाईंचं ते एक लुगडं मात्र गुडघाभर पाण्यात उभी राहून हातानं हळूहळू चोळायची, तान्ह्या लेकराला न्हाऊ घालावं तसं. एकदा मी म्हणालो, एका लुगड्याला किती वेळ लावायलीस गं?

"दिवाळीपातूर पुरलं पाहिजे ना, मास्तर," म्हणाली, आणि पिळायला मला एक टोक धरायला लावलं.